ताणातल्या बागेला पाणी

माझ्या लेकाच्या खिशात कोंबडा आहे. खरा असता तर एखाद्या दिवशी कापून खाल्ला असता. हा मोबाईलमधला, म्हणून वाचला.

सकाळी उठायला कोंबडा. दूध घालायला घंटी. गोळी घ्यायला रडणारं लेकरू. विहिरीवरची मोटार चालू करायला रेल्वेचा भोंगा. त्यापुढं म्हशीला पाणी, गाडीला तेल, खताच्या दुकानात फोन, असं काय काय लावून ठेवलेलं. एक गजर तर ‘माय’ नावाचा होता. तो ऐन जेवायच्या वक्ताला वाजायचा. भुजंग घास हातात धरून मोबाईल बघायचा, मग माझ्याकडं बघायचा.

“माय, तुझं काहीतरी होतं.”

“काय होतं?”

“ते न्हाई लिहिलं.”

हा गजर त्यानं कधी लावला, कशाला लावला, ते त्यालाही माहीत नाही. पण काढला का? बिलकुल नाही. म्हणे, काहीतरी महत्त्वाचं असल, त्याबिगर लावला असता का?

आमची मोसंबीची बाग वडीगोद्रीच्या शिवारात आहे. सातबारा माझ्या नावावर आहे, आणि हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मी सांगत असते. मालक गेल्यापासून घर माझ्या हुकमानं चालतं. थोरला अण्णासाहेब जालन्याला मास्तर आहे. त्याचा पेन, चष्मा, बायको, सगळं जिथल्या तिथं. धाकटा भुजंग. लग्न झालेला, मिशीवाला बाप्या, बाग तोच बघतो, पण त्याची एक चप्पल कधी दुसऱ्या चपलेजवळ सापडायची नाही.

लहानपणी त्याला काडीपेटी आणायला पाठवलं की चूल थंड बसायची. दुपारी हा यायचा, हात काळे करून. काडीपेटी नाहीच, पण येताना कुणाच्या तरी सायकलची चेन बसवून आलेला. शाळेत मास्तर लोकांच्या छड्या मोडल्या, हा काही मोडला नाही. आणि हाच पोरगा खुंटावर मोसंबीचा डोळा भरायला बसला की भाकरी बाजूला वाळून कडक व्हायची, तरी मान वर करायचा नाही. बागेतलं झाडन् झाड त्यानं स्वतः कलम केलेलं आहे. आता अशा माणसाला आळशी म्हणावं तर खोटं, आणि कामाचा म्हणावं तर चूल पेटलेली नाही.

मागच्या साली तो मोटारसायकलवरून पडला. पाय बरा झाला आणि परत पडला. का पडला तर म्हणे शेजारच्या शेतात नवीन ट्रॅक्टर चालून राह्यला होता, तो बघत होतो. मग अण्णासाहेबानं त्याला औरंगाबादला डोक्याच्या डॉक्टरकडं न्यायचं ठरवलं. मीपण गेले. आमच्या घरच्या माणसाला कोण वेडा म्हणतो ते मला समोर बसून ऐकायचं होतं.

डॉक्टर तरणाच होता. म्हणाला, “आजी, हे लहानपणी कसे होते?”

“मी याची माय हाये, तुमची आजी न्हाई. आन् हा लहानपणी असाच होता. फक्त उंचीनं कमी.”

डॉक्टर हसला. बराच वेळ त्यानं भुजंगाला काय काय विचारलं, मला विचारलं, आणि मग एक नाव सांगितलं. चार इंग्रजी अक्षरं. एडीएचडी. माझी शाळा चौथीपर्यंतची, तीपण मराठी. मी म्हणाले, मराठीत सांगा. तो म्हणाला, “हा आळस नाही. मुद्दाम करत नाहीत हे. यांच्याकडं लक्ष भरपूर आहे, पण ते कुठं लावायचं याचा लगाम हातात नाही. जन्मापासूनचं असतं. गोळीनं फरक पडेल. आणि मोबाईलमध्ये एखाद-दोन गजर लावा. एखाद-दोनच.”

‘एखाद-दोनच’ हे मी ऐकलं. अण्णासाहेबानं ऐकलं. भुजंग तेव्हा डॉक्टरच्या डोक्यावरचा पंखा कुठल्या बाजूला खुटखुट करतो ते बघत होता. त्यानं ‘गजर लावा’ एवढंच ऐकलं.

पण आळस नाही हे त्यानं ऐकलं होतं. परत येताना एसटीत तो खिडकीशी बसला. आणि ज्या माणसाला बसल्या जागी खिडकीची काच खालीवर केल्याशिवाय करमत नाही, त्यानं पाचोड येईपर्यंत काचेला हात लावला नाही.

ते चांगले दिवस पंधरवडाभर टिकले. मग गजरांची जत्रा भरली. आणि मग ती डबी आली.

खत आणायला जालन्याला गेल्ता, डबी घेऊन आला. खत आणायचं राहिलं. विहिरीवर मोटारीचा स्टार्टर आहे, त्याच्या शेजारी ही डबी भिंतीला ठोकायची. तिच्या पोटात मोबाईलचं कार्ड. आपण आपल्या मोबाईलवरून तिला फोन लावायचा, तिनं उचलला की एकचं बटण दाबायचं. मोटार चालू. बंद करायला शून्य. माणूस जालन्यात बसून वडीगोद्रीची मोटार चालू करणार.

“माय, बघ आता. मोबाईलवर दोनचं बटण दाबून धरलं की फोन थेट मोटारीला. नंबर बघायचं काम न्हाई.”

“आन् मोटारीपाशी जायचं काम?”

“तेच तर वाचलं ना!”

मी त्याला म्हणाले, अरे, मोटार चालू करायला तू विहिरीवर जात होतास म्हणून बाग तुझ्या डोळ्यांखालून जात होती. कुठं पाण्याचा दांड फुटला, कुठं झाडाला मुंग्या लागल्या, ते दिसत होतं. आता मोटार तुझ्या खिशात आली, बाग कोण बघणार? पण हे मी बोलेपर्यंत तो डबीचा खोका उलटा करून त्यावरचं चित्र बघत होता.

सून शिवकन्या म्हणाली, “आत्याबाई, जाऊ द्या. चार दिवसांची हौस हाये.”

ती तरी काय करणार. नवरा मीठ आणायला गेला की ती शेजारून मीठ मागून आणते आणि गुमान स्वयंपाक करते. मी एवढी समजूतदार कधीच नव्हते.

आता ताणाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावर आहे. मोसंबीला बहार धरायचा असला तर थंडीत तिचं पाणी तोडावं लागतं. झाड उपाशी ठेवायचं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, थोडी गळतात. बघवत नाही, पण बघायचं. बराबर वक्ताला पहिलं पाणी दिलं की झाडाला वाटतं आपण वाचलो, आणि ते अंगभर फुलतं. मध्येच पाणी मिळालं तर झाडाला फुलायची गरज वाटत नाही. नुसता पाला काढतं. त्या बहाराची फळं गेली. ताण जास्त झाला तर झाडच जातं. आमच्याकडं ताण धरला त्या दिवशी स्टार्टरचे तिन्ही फ्यूज काढून घरच्या बाईच्या हातात द्यायचे आणि तिनं ते देव्हाऱ्यात ठेवायचे, ही मालकांची रीत. पाणी सोडायचं झालं तर देवासमोरून न्यावं लागतं. कुणाचा हात आपसूक जात नाही.

या साली भुजंगानं फ्यूज आणून दिले. मी ठेवले. दुसऱ्या दिवशी बघते तर देव्हाऱ्यात नुसता देव.

“फ्यूज कुठं हायेत?”

“डबीला करंट लागतो माय, न्हाईतर तिची बॅटरी मरती. मोटार थोडीच चालू होणार हाये? मी फोन केल्याबिगर ती चालू होत न्हाई. आन् मी फोन कामून करीन?”

बोलणं तर बराबर होतं. म्हणूनच मला राग आला.

डिसेंबर निम्मा सरला असेल. शिवकन्या गवताला गेली होती, ती रिकाम्या हातानं पळत आली. “आत्याबाई, बागेत पाय रुतून राह्यला!”

मी तशीच निघाले. विहिरीकडची निम्मी बाग भिजलेली. झाडांच्या आळ्यांमधी पाणी जिरून माती काळीभोर. पलीकडची निम्मी कोरडी खडखडीत. पाणी चालू असताना मध्येच लाईट गेली असणार, म्हणून तेवढी वाचली. माझ्या डोक्यात एकच नाव आलं. तातेराव. शेजारचा बागाईतदार. आमची बाग ठरावीक पैशांवर, ठोक्यानं कसायला द्या म्हणून तो अण्णासाहेबाच्या मागं लागलेला होता. बाग बिघडली की स्वस्तात मिळते, हे मलापण कळतं.

तो बांधावरच होता. मी तिथूनच सुरुवात केली.

“तातेराव, लाज न्हाई वाटली का रं? ताणातल्या बागेला पाणी सोडलं? दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडातला घास काढायला तुझ्या आईनं शिकवलं का?”

“काकू, माह्या विहिरीत बादली बुडंना. तुमच्या बागेला कुठून सोडू पाणी?”

“मंग काय आभाळातून पडलं?”

“तुमचीच मोटार चालू होती काल. मला वाटलं, ताण तोडला. म्हणलं, जल्दी तोडला यंदा. पण तुम्हाला कोण विचारणार?”

तेवढ्यात भुजंग दूध घालून आला. गाडीला दोन्ही बाजूंनी रिकाम्या किटल्या वाजत होत्या. त्यानं बाग बघितली आणि गाडी स्टँडवर न लावता तशीच सोडली. ती आडवी झाली. त्याला ते कळलंपण नाही. तो पहिल्या झाडापाशी गेला, आळ्यात हात घातला, आणि चिखल मुठीत धरून माझ्याकडं आला.

“माय, तुझी शपथ, ताण धरल्यापासून मी मोटार चालू केली न्हाई.”

“माझी शपथ घेऊ नको. मला अजून जगायचंय.”

“मंग बागेची शपथ. मला कळत न्हाई का माय? मी लावलेली झाडं हायेत ही—”

त्याच्या खिशात रेल्वेचा भोंगा वाजला.

त्यानं मोबाईल काढला. अंगठ्यानं भोंगा बंद केला. अंगठ्यानंच दोनचं बटण दाबून धरलं. मोबाईल कानाला लावला, थांबला, एकचं बटण दाबलं आणि मोबाईल परत खिशात टाकला. हे सगळं करताना तो माझ्या डोळ्यांत बघत होता आणि त्याचं तोंड एक क्षण थांबलं नाही. “—ताणात पाणी म्हणजे बहार गेला, हे मला सांगावं लागतं का? मी वेडा हाये का माय, आपल्या हातानं आपल्या बागेला—”

विहिरीवर मोटार हुंकारली. दांडात पाणी पडल्याचा आवाज आला.

आम्ही तिघांनी विहिरीकडं बघितलं. त्यानंपण बघितलं. “कोण हाये रं तिकडं?” म्हणून ओरडला आणि चोर धरायला विहिरीकडं पळत सुटला.

तातेराव म्हणाला, “काकू, तुमचा चोर चालला बघा स्वतःला धरायला.”

शिवकन्या बांधावर बसली आणि तोंडात पदर कोंबून हसायला लागली. हसता हसता कधी रडायला लागली ते तिलापण कळलं नसेल. मी विहिरीवर पोचेपर्यंत भुजंगानं मेन स्विच पाडून मोटार बंद केली होती आणि तो कठड्यावर बसला होता. विहिरीवर दुसरं कुणी नाही हे बघूनच त्याला कळलं.

“माय, मला आठवत न्हाई. आत्ता केलं तेपण आठवत न्हाई.”

तो खोटं बोलत नव्हता, हाच तर ताप आहे. खोटं बोलणाऱ्याला चार शिव्या देता येतात. वर्षभर भोंगा वाजला की मोटार, भोंगा वाजला की मोटार, असं त्याच्या अंगठ्याला लागलेलं वळण. इतके दिवस शेतीची लाईट रात्रीची होती म्हणून बाग वाचली, कालपासून ती दिवसाची झाली. ताण धरला ते भुजंगाला माहीत होतं. अंगठ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तातेरावाची मी काही माफी मागितली नाही. त्यालापण ती नको होती. त्याला बाग पाहिजे होती. त्यानं त्याच दिवशी अण्णासाहेबाला फोन केला आणि रविवारी अण्णासाहेब हजर झाला.

“माय, आता झालं तेवढं बस. बाग तीन वर्षं तातेरावाला देऊ. भुजंगाला मी जालन्यात बियाण्याच्या दुकानात बसवतो. ओळखीचे लोक आहेत. सावलीतलं काम आहे.”

“दुकानात हा बसंल?” मी विचारलं. “दोन गिऱ्हाइकं झाली की तराजू खोलून बघंल.”

“मग काय करायचं? पुढच्या साली उरलेली बाग भिजवंल. तुला बोलायला सोपं आहे.”

भुजंग उंबऱ्यावर बसला होता. फरशीच्या फटीतली माती काडीनं काढत होता. तो ऐकत नाही असं वाटत होतं. मग वर न बघता म्हणाला, “अण्णा, माह्या हातून जे होतं ते एवढं एकच हाये. एवढं काढू नका.”

अण्णासाहेबानं चष्मा काढून पुसायला घेतला. बोलता मला आलं, कारण मला नेहमीच येतं. मी म्हणाले, “कोरडी निम्मी बाग अजून ताणावर हाये. तिला फूल आलं तर बाग भुजंगाकडं. न्हाई आलं, नाहीतर झाडं जळाली, तर तातेरावाकडं. तोवर कुणी मला शिकवायचं न्हाई.”

“आणि परत मोटार चालू झाली तर?”

“ते मी बघते. तुझा जुना मोबाईल घरी पडलेला हाये ना? तो पाठवून दे.”

मोबाईल आला त्या दुपारी मी भुजंगाला अंगणात बसवलं आणि शिवकन्येच्या हातात त्याचा मोबाईल दिला. एकेक गजर वाचायला लावला.

“गाडीला तेल.”

“तेल संपलं की गाडी थांबती. ती सांगती. काढ.”

“खताचं दुकान.”

“कधी लावला रं?”

“दिवाळीच्या आधी.”

“काढ.”

“‘माय’.”

“तो राहू दे ना माय,” भुजंग म्हणाला. “आठवल कधीतरी.”

“मी तुझ्यासमोर जिती बसलेली हाये. काही विसरला असशील तर मी आठवण करून देते. काढ.”

गोळीचं लेकरू ठेवलं. दुधाची घंटी ठेवली. शेवटी भोंगा राहिला. भुजंगानं स्वतःच हात पुढं केला, म्हणाला, “हा तर आधी काढतो.”

“हात लावू नको. भोंगा काढशील, अंगठा कुठं काढशील? त्याला उद्या दुसरा कुठला भोंगा ऐकू येईल. शिवकन्या, विहिरीवर जा. त्या डबीच्या पोटातलं कार्ड घेऊन ये. आन् तिन्ही फ्यूज घेऊन ये.”

फ्यूज देव्हाऱ्यात गेले. कार्ड अण्णासाहेबाच्या जुन्या मोबाईलमध्ये गेलं, आणि तो मोबाईल माझ्या कमरेच्या पिशवीत. मला फक्त हिरवं बटण दाखवून ठेवलं. बाकीची बटणं मी विचारली नाहीत. लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ज्वारी निवडत होते, तर कमरेला मुंगळा चावल्यासारखं झालं आणि पिशवी वाजायला लागली. मी हिरवं बटण दाबलं, कानाला लावलं. कुणी बोलेना. मग कानात ‘टूं’ असा आवाज आला.

त्यानं मला चालू करायला एक दाबलं होतं.

“मी काय मोटार हाये का रं, बटण दाबल्यावर चालू व्हायला?”

तिकडं तो दचकला. मागं हॉटेलातल्या कपबशांचा आवाज येत होता. इकडं शिवकन्या सूप घेऊन बसली होती, ती खाली मान घालून म्हणाली, “आत्याबाई, तुम्हाला बटण कुठं लागतं?”

तिला मी नंतर बघितलं. आधी त्याला म्हणाले, “कुठं बसलास?”

“वडीगोद्रीत, फाट्यावर.”

“आज बागेत गेल्तास का?”

“न्हाई... म्हणजे जाणार होतो...”

“मंग जा. कोरड्या बाजूचं शेवटचं झाड कसं दिसतं ते मला तिथून सांग. मला तिथून पाहिजे, हॉटेलातून न्हाई.”

असं सुरू झालं. भोंगा वाजायचा, त्याचा अंगठा चालायचा, माझी कंबर वाजायची, मी शिव्या घालायचे आणि तो बागेत जायचा. पहिल्या आठवड्यात तर तो रोज दचकायचा. रोज! काल याच वक्ताला याच नंबरावर याच आईनं शिव्या घातल्या, हे त्याला आज नवंच. एकदा मी ओट्यावर भाकरी थापत होते, हात पिठाचे, मोबाईल पिठाचा, पीठ कानात. एकदा मी शेजारी मार्गशीर्षातल्या हळदीकुंकवाला बसले होते. सगळ्या बायकांसमोर मी मोबाईल काढला आणि ओरडले, “पानं मिटली का उघडी हायेत?” त्या बायकांनी मला काय समजलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत.

पुढं पुढं तो मला फोन लावायच्या आधीच बागेत जाऊन उभा राहायला लागला. फोन लावायचा आणि माझं बोलणं सुरू व्हायच्या आत सांगून टाकायचा. दुपारी पानं मिटून राह्यली. सांजच्याला उघडून राह्यली. वरची पानं पिवळी पडून राह्यली, शेंडा हिरवा हाये. एकदा बागेत गेला की लवकर यायचापण नाही. म्हशी ओरडायच्या, दुधाची घंटी वाजून वाजून थकायची, हा एकेका झाडाच्या बुडाशी बसून खुरप्यानं माती उकरून बघायचा. तोपण एक तापच. पण त्या तापाला निदान पत्ता होता.

संक्रांतीला बराच अवकाश होता, आणि फोन आला. आज भोंग्याचा वक्त नव्हता.

“माय, पाणी सोडावं लागतं.”

“काय बडबडतोस? सगळे संक्रांतीनंतर सोडतात.”

“त्यांची जमीन भारी हाये. आपली त्या बाजूची मुरमाड हाये. झाड थांबणार न्हाई.”

झालं, म्हणलं. आला मूळ पदावर. कंटाळा आला आणि पाणी सोडायची घाई झाली. असंच त्यानं एकदा हिरवी ज्वारी कापली होती. मी तातेरावाला बांधावरून हाक मारून विचारलं. तो म्हणाला, “काकू, अजून आठ-दहा दिवस. आत्ता पाणी दिलं तर पाला येईल.” आता तातेराव बागाईतदार आहे, पण बाग त्याला पाहिजे होती. आणि भुजंग माझा लेक आहे, पण तो भुजंग आहे. कुणाचं ऐकावं? चुकलं तर बाग जाणार, आणि बागेबरोबर हा जालन्याला जाऊन तराजू खोलणार. मी अख्खी दुपार स्वयंपाकघरात भांडी आपटली. फ्यूज समोर देव्हाऱ्यात होते.

शेवटी मीच त्याला फोन लावला. लावायला शिवकन्येला सांगितलं.

“आज काय दिसलं?”

“काल दुपारी मिटलेली पानं आज सकाळपर्यंत उघडली न्हाईत.”

“आन् काल?”

“काल सकाळी उघडली होती, पण उन्हं चढायच्या आत परत मिटली. परवा दुपारपर्यंत उघडी होती. त्याच्या आदल्या दिवशी रात्री थंडी जास्त होती, तेव्हा बरी होती. शेवटच्या ओळीत शेंडे वाळून राह्यले माय. विहिरीकडं सरकत येऊन राह्यलं ते.”

मी त्याच्या जन्मापासून त्याचं बोलणं ऐकते. एक वाक्य बैलाचं, दुसरं बाजाराचं, तिसरं अर्धंच. इथं तो मला दिवसामागं दिवस सांगत होता, एकही दिवस न सांडता, कारण प्रत्येक दिवशी तो तिथं उभा होता. हे घाईचं बोलणं नव्हतं. घाईला कालचं आठवत नसतं.

“ये आन् फ्यूज घेऊन जा,” मी म्हणाले.

तो आला. पाया पडला, देवाच्या पडला का माझ्या ते कळलं नाही, आम्ही दोघं एकाच बाजूला होतो. पहिलं पाणी त्यानं हलकं दिलं, विहिरीवर स्वतः उभं राहून, झाडाझाडाला दांड फिरवून. तातेराव बांधावर उभा राहून मान हलवत होता. मी त्याला म्हणाले, मान जास्त हलवू नको, तुटंल.

मग वाट बघणं आलं. मला वाट बघता येत नाही. अण्णासाहेब दर दोन दिवसाला फोन करून विचारायचा, आलं का? मी म्हणायचे, झाडाला विचार.

जानेवारी संपता संपता एका सकाळी शिवकन्या गवताचा भारा न घेताच परत आली. मला वाटलं, आता काय भिजलं? तिनं ओच्यातून एक डहाळी काढून माझ्यासमोर ठेवली. बारीक बारीक पांढऱ्या कळ्या, पानाला जागा नाही एवढ्या.

“एक डहाळी कामून तोडली? तेवढी फळं गेली ना!” मी म्हणाले. पण डहाळी तांब्यात ठेवली.

रविवारी अण्णासाहेब आला. सोबत तातेरावपण आला, आपला काही विषय नाही असं दाखवत. आम्ही सगळे बागेत गेलो. विहिरीकडची भिजलेली निम्मी बाग हिरवीगार, नुसता पाला, एक फूल शपथेला नाही. पलीकडची निम्मी पांढरी. वास एवढा की अण्णासाहेबानं रुमाल काढून शिंका दिल्या.

घरी येऊन ओट्यावर बसलो. अण्णासाहेब म्हणाला, “पण माय, निम्मंच पीक आहे. निम्मं तर त्यानं घालवलंच ना?”

“घालवलं. ते मी त्याला मरेपर्यंत ऐकवीन, तू काळजी करू नको. पण ठरलं होतं ते ठरलं होतं.”

“मग तातेरावाला काय सांगू?”

तातेराव तिथंच बसलेला होता, हातभर अंतरावर. मी त्याच्याकडं बघून अण्णासाहेबाला म्हणाले, “सांग, बाग भुजंगाकडं हाये. आन् बागेचं काही विचारायचं असलं तर फोन कर म्हणावं. बागेचा नंबर माह्या कमरेला हाये.”

तातेराव हसला, टोपी घातली आणि म्हणाला, “चहा तरी द्या काकू.”

चहा कुठून देणार? घरातली साखर संपली होती, म्हणून हे सगळं बोलणं सुरू व्हायच्या आधीच भुजंगाला वडीगोद्रीला साखर आणायला पाठवलं होतं. त्याच्या बागेचा निकाल लागला तेव्हा तो हजर नव्हता. शिवकन्येनं थोडा वेळ रस्त्याकडं बघितलं, मग डब्यातून गूळ काढला.